लोणारच्या पाण्यात माणूस तरंगेल का?

मृत समुद्राचं एक छायाचित्र आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. एक गृहस्थ पाण्यावर पाठ टेकून निवांत पडले आहेत आणि वर्तमानपत्र वाचत आहेत. हातपाय हलवण्याची तसदी नाही, बुडण्याची भीती नाही. हे चित्र वर्गात फिरलं की विदर्भातल्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. आम्हाला तो खापरखेड्याला, शिक्षकांबरोबरच्या एका बैठकीत ऐकायला मिळाला : "आपल्या लोणारचं पाणीही खारं आहे, मग तिथे असं पडून राहता येईल का?" काहींनी हो म्हटलं, काहींनी नाही. किती खारं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आजच्या पाण्यापुरतं उत्तर एका ओळीत देता येतं : नाही. पण या 'नाही'च्या मागे मोठा इतिहास आहे. त्यात अ‍ॅरिस्टॉटलपासून हॅलेपर्यंत बरीच मंडळी येऊन जातात, आणि शेवटी आपण अशा प्रश्नाशी पोचतो की तो मूळ प्रश्नापेक्षा जास्त अवघड आहे. तेव्हा जरा सावकाश जाऊ.

खाऱ्या पाण्यात वस्तू तरंगतात याची पहिली नीट नोंद इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अ‍ॅरिस्टॉटलने केली. हवामानावरच्या आपल्या ग्रंथात तो समुद्र खारा का, याची चर्चा करतो. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असतं, हे सांगताना तो दोन दाखले देतो. समुद्रातून मालाने भरून व्यवस्थित आलेली जहाजं नदीत शिरल्यावर बुडायला येतात, हा एक. दुसरा आजही आपण वर्गात करतो तोच : पाण्यात भरपूर मीठ घातलं की अंडं त्यावर तरंगतं. त्यानंतर तो पॅलेस्टाइनमधल्या एका सरोवराची ऐकीव गोष्ट सांगतो. माणूस किंवा जनावर बांधून त्यात टाकलं तरी बुडत नाही, त्यात मासे जगत नाहीत, आणि कपडे भिजवून झटकले तर स्वच्छ होतात, असं लोक म्हणतात. हा मृत समुद्रच असणार. (कपडे धुण्याची गोष्ट मात्र लोणारला जास्त शोभली असती. का, ते पुढे येईल.)

ही ऐकीव गोष्ट चारशे वर्षांनी एका माणसाने पडताळून पाहिली, पण फार क्रूर रीतीने. रोमन सेनापती व्हेस्पाशियन इसवी सन ६८ च्या सुमारास त्या भागात होता. पोहता न येणाऱ्या काही माणसांचे हात पाठीमागे बांधून त्यांना खोल पाण्यात टाकायचा हुकूम त्याने दिला. सगळे वर आले आणि तरंगत राहिले, असं इतिहासकार जोसेफस लिहितो. पुढे हाच व्हेस्पाशियन रोमचा सम्राट झाला. प्रयोग कसा करू नये, याचं हे उदाहरण मुलांना सांगायला हरकत नाही.

या दोघांच्या मधल्या काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, आर्किमिडीजने तरंगण्याचा नियम सांगितला. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतक्या वजनाचं पाणी बाजूला सारते. नियम सर्वांना पाठ असतो. त्याचा हिशोब मात्र फारसा कुणी मांडत नाही. तो मांडू या.

साठ किलो वजनाचे एक गुरुजी घ्या. छातीत पूर्ण श्वास भरला असेल तर माणसाची घनता पाण्यापेक्षा किंचित कमी, ०.९८ च्या आसपास असते. म्हणजे त्यांचं आकारमान झालं सुमारे ६१.२ लिटर. विहिरीच्या गोड्या पाण्यात ते ६० लिटर पाणी सारतील आणि १.२ लिटर बाहेर राहतील, म्हणजे जेमतेम नाक आणि कपाळ. श्वास सोडला की तेही गेलं. अरबी समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ धरली तर बाहेर राहील २.७ लिटर. मृत समुद्राची घनता १.२४. तिथे ६० किलो पाणी म्हणजे फक्त ४८.४ लिटर, आणि बाहेर राहतात पावणेतेरा लिटर! माणसाचं डोकं साधारण चार-पाच लिटरचं असतं. म्हणजे डोकं, खांदे, गुडघे, पावलं सगळं वर. म्हणून वर्तमानपत्र वाचता येतं. पालथं होऊन पोहायला गेलं तर पायच वर उसळतात, आणि पाण्याचा थेंब डोळ्यात गेला तर निवांतपणा तिथेच संपतो.

घनतेचा हा खेळ खापरखेड्याच्या मुलांना दुसऱ्या बाजूने बघायला मिळतो. औष्णिक वीजकेंद्रातली राख पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात सोडतात. बहुतेक राख बुडते, पण पृष्ठभागावर पांढुरकी साय तरंगत राहते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ते काचेसारखे पोकळ गोल कण असतात. दगडी कोळसा जळताना त्यातली माती वितळते, आत वायू अडकतो आणि बुडबुडा तसाच थिजतो. पाणी तेच, राखेचं द्रव्यही तेच. पोकळीमुळे कण हलका झाला. मृत समुद्रात माणूस तोच राहतो, पाणी जड होतं.

पाणी किती जड, हे मोजायला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरुवात झाली. फ्रान्समध्ये १७७८ साली लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत समुद्राच्या पाण्याचं पृथक्करण केलं. १८०७ साली लंडनमध्ये अलेक्झांडर मार्सेट या डॉक्टराने ते पुन्हा केलं आणि पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.२ च्या वर असल्याचं दाखवलं. (याच मार्सेटच्या पत्नीने, जेन मार्सेट यांनी, रसायनशास्त्रावर संवादरूपाने एक पुस्तक लिहिलं होतं. पुस्तकबांधणीच्या दुकानात काम करणाऱ्या फॅरेडे नावाच्या मुलाला विज्ञानाची गोडी त्या पुस्तकाने लावली. शिक्षकांसाठी ही माहिती पाण्याच्या विशिष्ट गुरुत्वापेक्षा मोलाची आहे.) १८१९ साली गे-ल्युसॅक यांनीही हे पाणी तपासलं. हे नाव लक्षात ठेवा, लोणारला ते पुन्हा भेटणार आहे.

त्याआधी, १७६८ मध्ये, बोमे या फ्रेंच औषधविक्रेत्याने काचेची एक तरंगती नळी बनवली होती. शुद्ध पाण्यात ती जिथवर बुडते तिथे शून्याची खूण आणि शंभरात पंधरा भाग मीठ असलेल्या पाण्यात जिथवर बुडते तिथे पंधराची. ही बोमेची मोजणी मिठाच्या धंद्यात आजही चालते. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंशांचं असतं. मिठागरात ते एका खाचरातून दुसऱ्यात फिरवत आटवतात आणि पंचविसाच्या आसपास मीठ धरू लागतं. पंचवीस अंश म्हणजे घनता १.२१, जवळजवळ मृत समुद्राइतकी. तेव्हा माणूस तरंगेल असं पाणी महाराष्ट्रात नाही, असं कुणी म्हणू नये. ते कोकणच्या मिठागरांत दर उन्हाळ्यात तयार होतं. फक्त ते घोट्याइतकं खोल असतं.

लोणारचा खार

आता लोणार. बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आणि दीडशे मीटर खोल आहे. तळाशी साधारण १.२ किलोमीटर व्यासाचं सरोवर. आत ओढे आणि झरे येतात, काठावरच्या धारेचं पाणी तर चांगलं गोड आहे. बाहेर मात्र एकही प्रवाह जात नाही.

गावाचं नावच लवणावरून आलेलं. विष्णूने लवणासुराला इथे मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्या राक्षसाचं रक्त आणि त्यातला क्षार म्हणजे त्याचं मांस, अशी कथा आहे. ती आठवण गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात कोरलेली आहे. अकबराच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त लोणारची नोंद केली, आणि ती मुख्यतः व्यवहाराची आहे : काच आणि साबण करायला लागणारं द्रव्य इथे मिळतं आणि त्यावर सरकारला चांगला महसूल होतो.

काच आणि साबण हे शब्द महत्त्वाचे आहेत. जेवणातल्या मिठापासून साबण होत नाही; त्याला सोडा लागतो. मराठीत 'खारं' हा शब्द मिठालाही चालतो आणि पापडखारालाही, त्यामुळे आपली फसगत होते. समुद्राचा खारटपणा सोडियम क्लोराइडचा. लोणारच्या पाण्यात त्याच्या जोडीला सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट, म्हणजे धुण्याचा आणि खाण्याचा सोडा, विरघळलेला आहे. पाण्याचा सामू दहाच्या आसपास जातो. अ‍ॅरिस्टॉटलच्या कपड्यांची गोष्ट इथे खरी ठरली असती. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठाला आणि उथळ तळाला क्षार धरत. ते काढून, वाळवून, प्रतवारी लावून विकले जात. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्या प्रतींची नावं जुन्या कागदांत सापडतात. पुढे कारखान्यात तयार झालेला स्वस्त सोडा बाजारात आला आणि हा धंदा बसला.

इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ साली या जागेकडे लक्ष वेधलं, आणि मग भूशास्त्रज्ञांचे वाद सुरू झाले. हे ज्वालामुखीचं मुख आहे, की जमीन खचून झालेला खड्डा? १९१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांचा लोणारवरचा निबंध आला. त्यात सोड्याच्या साठ्यावर क्रिस्टी यांचं स्वतंत्र टिपण आहे. हे तेच रसायनशास्त्रज्ञ, ज्यांनी हॉलंड यांच्यासोबत राजस्थानच्या सांभर सरोवराचं मीठ कच्छच्या रणातून वाऱ्याबरोबर येतं, असं मत मांडलं होतं. विवराचा वाद मात्र १९७३ साली मिटला. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी विवरातल्या दगडात प्रचंड आघातानेच बनू शकतील अशी द्रव्यं दाखवली, आणि हे अशनीच्या आघाताने काळ्या पत्थरात झालेलं विवर आहे, हे बहुतेकांनी मान्य केलं.

मग सोडा कुठून आला? अशनीने आणला नाही. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ते पाणी काळ्या पत्थरातून झिरपताना त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम थोडं थोडं उचलतं. चवीला हे पाणी गोडच लागतं. सरोवरात आल्यावर त्याची वाफ होते, उचललेलं मागे राहतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे कार्बोनेट लवकर साका होऊन तळाला बसतात. सोडियमचे क्षार पाण्यात टिकतात आणि साचत जातात. गोड्या झऱ्यांनी खारं सरोवर भरतं ते असं. चहाचं आधण आटवून आटवून किटलीत पुटं बसतात, तसंच.

आता खारेपणा किती? २००० सालानंतरच्या मोजण्यांत लोणारच्या पाण्यात लिटरमागे साधारण दहा ग्रॅमच्या आगेमागे क्षार आढळले आहेत. पाऊसमानाप्रमाणे ते कमीजास्त होतात. समुद्रात हेच ३५ ग्रॅम असतात, मृत समुद्रात ३४० च्या आसपास. म्हणजे लोणारचं पाणी अल्कलीच्या बाबतीत समुद्रापेक्षा पुष्कळ तीव्र, पण एकूण क्षारांत समुद्राहून सौम्य. घनता १.००८ धरली तर आपले गुरुजी १.७ लिटर बाहेर राहतील. विहिरीपेक्षा अर्धा लिटर जास्त, म्हणजे एका लहान तांब्याएवढा फायदा! ताजं अंडंही त्यात बुडेल. (कुणी करून पाहायला जाऊ नये. ते पाणी डोळ्यांना आणि कातडीला बरं नाही. शिवाय सरोवर २००० सालापासून अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत आहे.)

हरवलेला क्षार

इथे थांबता आलं असतं. पण एक गोष्ट खटकायला हवी. बाहेर वाट नसलेलं सरोवर हजारो वर्षं क्षार साठवत असेल, तर ते इतकं सौम्य कसं?

हा विचार पहिल्यांदा १७१५ साली धूमकेतूवाल्या एडमंड हॅलेने केला. ज्या सरोवरांतून नदी बाहेर पडत नाही ती खारी होतात, हे त्याने हेरलं. कॅस्पियन, मृत समुद्र, टिटिकाका आणि मेक्सिकोचं सरोवर अशी उदाहरणं दिली. मग त्याने सुचवलं की आज खारेपणा मोजावा, काही शतकांनी पुन्हा मोजावा, आणि वाढीच्या वेगावरून सरोवराचं, समुद्राचं, पर्यायाने पृथ्वीचं वय काढावं. प्राचीन ग्रीकांनी समुद्राचा खारेपणा मोजून ठेवला नाही, याची त्याला हळहळ वाटली. १८९९ मध्ये आयर्लंडच्या जोली यांनी नद्यांतून येणाऱ्या सोडियमवरून समुद्राचं वय काढलं : आठ ते नऊ कोटी वर्षं. आज आपण पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं मानतो. हिशोबाची रीत चुकीची नव्हती. समुद्रात आलेलं सोडियम समुद्रातच राहतं हे गृहीतक चुकीचं होतं.

हाच हिशोब लोणारला लावून पाहू. आकडे ढोबळ आहेत, मुलांकडून करून घ्या. १.२ किलोमीटर व्यासाचं पाणी म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ११ लाख ३० हजार चौरस मीटर. सरासरी खोली समजा ४ मीटर. पाणी झालं सुमारे ४५ लाख घनमीटर. घनमीटरला १० किलो धरून क्षार ४५ हजार टन. आता समजा, झरे आणि ओढे मिळून वर्षाला १० लाख घनमीटर पाणी आत येतं आणि त्यातून घनमीटरला २०० ग्रॅम क्षार पाण्यात टिकतात. म्हणजे वर्षाला २०० टन. तर ४५ हजार टन जमायला किती वर्षं लागतील? सव्वादोनशे!

आमचं गृहीत दहापट चुकलं आहे असं माना. तरी उत्तर सव्वादोन हजार वर्षांच्या पुढे जात नाही. आणि विवराचं वय? १९९७ मध्ये एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. दोन आकड्यांत दहापटीहून जास्त अंतर आहे. आमचा कल दुसऱ्याकडे आहे, कारण आघातात वितळलेल्या दगडावरच ती मोजणी झाली आहे. पण कुठलाही आकडा घेतला तरी सरोवरात आलेल्या क्षाराचा बहुतांश भाग आज पाण्यात नाही. हॅलेचं घड्याळ लोणारला बंद पडतं.

क्षार गेला कुठे? थोडा माणसांनी नेला. अबुल फजलचा महसूल त्याचाच. थोडा काठावर वाळून वाऱ्याने उडाला असणार. काही पाणी तळाच्या भेगाळलेल्या खडकातून झिरपत असेल, तर ते क्षार घेऊनच जाणार. आणि बराचसा गाळात पुरला गेला असावा. विवराच्या तळाशी सुमारे १०० मीटर जाडीचा गाळ आहे आणि त्याच्या कणाकणांत खारं पाणी अडकलेलं आहे.

या गाळानेच तरंगण्याच्या प्रश्नाचं उत्तर बदललं. संशोधकांनी सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दंड काढला. गेल्या दहा-अकरा हजार वर्षांची थरावर थर चढलेली नोंदवहीच ती. त्यातल्या काही थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचं हे जलयुक्त कार्बोनेट १८२६ मध्ये व्हेनेझुएलातल्या अशाच एका सोड्याच्या तळ्यात ओळखलं गेलं आणि त्याला गे-ल्युसॅक यांचं नाव मिळालं. पाणी खूप आटून सोड्याने दाट झालं तरच ते धरतं. २०१३ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांनुसार मध्य भारतात पाऊस दीर्घकाळ कमी पडल्याचे दोन मोठे कालखंड या गाळात दिसतात : आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा एक आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा दुसरा.

त्या काळात लोणारचं पाणी आजच्यापेक्षा जड होतं, हे नक्की. पण मृत समुद्राइतकं? वरचेच ४५ हजार टन घ्या आणि पाणी घनमीटरला ३४० किलो क्षाराचं होईपर्यंत आटवा. चार मीटरचं पाणी उरतं १२ सेंटिमीटर, अर्ध्या वितीपेक्षा थोडं जास्त. त्याच्याही आधी सोडा खाली बसू लागेल. लोणारला ही मर्यादा नेहमीच होती : जितकं पाणी दाट, तितकं ते उथळ. मधल्या एखाद्या टप्प्यावर, कंबरभर पाणी उरलेलं असताना, ते समुद्राहून जड असेल आणि त्यात उतरलेल्या माणसाला आपले पाय हलके झाल्यासारखे वाटले असतील.

दैत्यसूदनाचं देऊळ या दुसऱ्या कोरड्या कालखंडातच उभं राहिलं. ते बांधणाऱ्यांनी खाली जे सरोवर पाहिलं ते बहुधा आजच्यापेक्षा लहान आणि दाट होतं. आणखी एक गोष्ट. जून २०२० मध्ये, पाणी बरंच आटलेलं असताना, लोणारचं पाणी अचानक गुलाबी झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची दखल घेऊन तपासणी करायला सांगितलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले, तेव्हा तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला. खारेपणा वाढला की हे जीव फोफावतात आणि लालसर रंगद्रव्य तयार करतात. पावसाने पाणी पातळ झालं की रंग ओसरतो. कोरड्या शतकांत हा रंग वरचेवर दिसत असेल तर सरोवरात राक्षसाचं रक्त आहे ही कथा कुणाला, कुठल्या उन्हाळ्यात सुचली असेल, याचा अंदाज करता येतो.

वर्गात करण्यासारखं बरंच आहे. पेल्याएवढ्या पाण्यात चमचा-चमचा मीठ घालत अंडं कधी वर येतं ते पाहता येईल. अंडं चालत नसेल तर बटाटा घ्या, तोही साधारण तेव्हाच वर येतो. शरबताच्या नळीचं एक टोक मेणाने बंद करून आत दोन-तीन छर्रे टाकले की बोमेची नळी तयार होते. तिच्यावर शून्याची आणि पंधराची खूण मुलांनाच करू द्या. मग शाळेच्या विहिरीचं आणि गावातल्या नळाचं पाणी मोजा. नळीला त्यात फरक दिसणार नाही. तेच पाणी चुलीवर ताटलीत पूर्ण आटवलं की पांढरं पूट मात्र दिसेल. ते खरवडून वजन करा, आणि आपल्या गावातलं पाणी लोणारच्या विवरात सोडलं तर ते तितकं खारं व्हायला किती वर्षं लागतील, याचा हिशोब मुलांना करायला सांगा.